दहा मोजायच्या आत

अण्णा,

तुमचा मायक्रोस्कोप काल माळ्यावरून खाली काढला. पेटीची कडी गंजलीय, पण आतली नळी जशीच्या तशी आहे, आणि भिंगांना तुम्ही गुंडाळलेलं आईच्या जुन्या पातळाचं फडकंही तिथंच होतं. घराला रंग द्यायचाय म्हणून सगळं आवरायला घेतलं होतं. पेटी पुसून बाजूला ठेवायची आणि पुढच्या कामाला लागायचं, असं ठरवलं होतं. पण पुसता पुसता खाली बसले ती बसलेच. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. तुम्ही होतात तेव्हा सांगितली नाही, आता सांगून तुम्हाला काय उपयोग, तेही कळत नाही. पण सांगितल्याशिवाय ही पेटी बंद होईल असं वाटत नाही. आणि मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेवढं चालवून घ्या.

तुम्ही शाळेत प्रयोगशाळा सहायक होतात. शाळेनं मोडीत काढलेला हा मायक्रोस्कोप तुम्ही मागून घेतलात, खटपट करून चालता केलात, आणि ऑगस्ट संपत आला की दिंडोरीच्या आजूबाजूचे सगळे बागाईतदार काड्या घेऊन आपल्या दारात. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या. ऑक्टोबरची छाटणी करायची तर काडीच्या कितव्या डोळ्यावर, म्हणजे न फुटलेल्या कोंबावर, कात्री लावायची ते आधी कळायला हवं, आणि ते कळायचं तर डोळा कापून आत घड आहे का ते बघायला हवं. पुढच्या खोलीत तुम्ही स्टुलावर, आई खाली चटईवर. तिच्या हातात दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं. एकेक डोळा असा अलगद उभा चिरायची की बघत राहावं. तुमच्या जाड बोटांना ते कधी जमलं नाही. वाऱ्यानं काप उडतात म्हणून दार लावलेलं, पंखा बंद. आणि तुमच्या ओठात विडी. एक विझली की दुसरी. आई मधूनच खोकायची, तळहातानं धूर बाजूला सारायची आणि पुढचा डोळा काचेवर ठेवायची.

मी सहा-सात वर्षांची असेन, तुम्ही मला उचलून स्टुलावर उभं केलंत आणि म्हणालात, बघ. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम तो दिसला. मोहरीहून बारीक, पांढरट, पण घड म्हणजे घडच, खांद्यासकट. फेब्रुवारीत जो खोक्यात भरायचा तो सप्टेंबरातच काडीत गप बसलेला. मी विचारलं, हा आत कोणी ठेवला? तुम्ही खूप हसलात. मग तुम्ही दुसरी काडी लावलीत, त्याच वेलाची, पण दाट पानांच्या आत वाढलेली. तिच्या डोळ्यात घड नव्हता, नुसती बाळी होती, म्हणजे वेल तारेला धरायला काढतो तो वळणदार दोरा. तुम्ही म्हणालात, "झाड तेच, रस तोच. उन्हातल्या डोळ्याला घड सुचतो, सावलीतल्याला नाय सुचत." अण्णा, पुढं मी पुण्यात काय काय शिकले, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली, पण त्याहून नेमकं मला कोणी काही सांगितलं नाही.

तपासून झालेल्या काड्या आई टाकू द्यायची नाही. त्या चुलीत जायच्या. छाटणी झाली की बागांमधून मोळ्या यायच्या, मागच्या भिंतीला लागून वाळत पडायच्या आणि वर्षभर पुरायच्या. आपल्याकडं गॅस आला होता. तुम्ही अर्धी रजा टाकून सिलेंडर आणला होतात, शेगडीला हळदकुंकू लावून आईनं पहिला चहा केला होता. पण भाकरी मात्र चुलीवरच, शेवटपर्यंत. मी चुलीशेजारी पाटावर बसायची. आई फुंकणीनं जाळ काढायची, डोळे पदरानं पुसायची, आणि टम्म फुगलेली बाजरीची भाकरी माझ्या ताटात टाकायची. वरचा पापुद्रा काढला की आतून वाफ यायची, त्यात मी लसणाची चटणी भरायची. तो वास अजून आठवला तरी भूक लागते. स्वयंपाकघराची ती भिंत दरवर्षी दिवाळीला पांढरी व्हायची आणि संक्रांतीपर्यंत परत काळी.

आठवीत असताना मी जे केलं ते तुम्ही विसरला नसाल. एक म्हातारे बाबा आले होते, पहिल्यांदाच बाग लावलेले. बोलायला मोठे गोड. मला सारखे "डाक्टरीणबाई" म्हणत होते. तुम्ही काडीचे पहिले दोन डोळे बघितलेत आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांचा शिपाई तुम्हाला बोलवायला आला. तुम्ही म्हणालात, तिसरा मी आल्यावर बघतो. मला कुठला धीर. मी नळीला डोळा लावला, काहीतरी पांढरं दिसलं न दिसलं, आणि बाबांचा चेहरा बघून मी सांगूनसुद्धा टाकलं, तिसऱ्या डोळ्यात घड हाय बाबा. तुमच्या नोंदींच्या वहीत लिहिलंही. बाबा खूश होऊन गेले आणि त्यांनी सगळी बाग तिसऱ्या डोळ्यावर छाटली. नोव्हेंबरात तुम्ही मला सायकलवर मागं बसवून त्यांच्या बागेत घेऊन गेलात. हिरवीगार बाग, पानंच पानं, बाळ्याच बाळ्या. घड शोधून सापडेना. बाबा मला काही बोलले नाहीत, उलट पेरू दिला. तो पेरू मी खाऊ शकले नाही.

येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांनी काय दिसतं ते विचारलं होतं. तुला काय वाटतं ते नव्हतं विचारलं." आणि मग नियम घालून दिलात. नळीला डोळा लावायचा. मनात दहा मोजायचे. एकला जे दिसलं तेच दहाला दिसत असेल तर तोंड उघडायचं, नाहीतर दिसत नाही म्हणायचं. तुम्ही स्वतः असेच बघायचात, तुमचे ओठ हलायचे, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. मी विचारलं, मी घाई केली हे तुम्हाला कळलं कसं? तुम्ही म्हणालात, वहीत अक्षर बघ, शाई वाळायच्या आत पान मिटलंय.

मग आईचा खोकला. आधी साधा म्हणून काढे, मग टीबी म्हणून सहा महिने गोळ्या. त्यांनी काही उतार पडेना तेव्हा नाशिकला नेलं. गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सुई घालून फुप्फुसातला तुकडा काढला आणि चार दिवसांनी कर्करोग आहे म्हणून सांगितलं. ते विचारत होते, घरात कोणी ओढतं का? आई म्हणाली, मी तर जन्मात विडीला हात लावला नाय हो. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नाही, घरात दुसरं कोणी? मी तुमच्याकडं बघितलं. अकरावीत होते मी. त्या क्षणी माझं सगळं ठरून गेलं. पुढं जे पाच महिने आई होती त्यात मी तुमच्याशी कामापुरतं बोलले, आणि तुम्हाला ते कळत होतं, आणि तुम्ही कळू देत नव्हतात.

दहाव्याहून घरी आलो. अंगणात सगळे पाहुणे बसलेले, मामा, काका, आत्या. तुम्ही खांबाला टेकून बसलात आणि सवयीनं विडी पेटवलीत. माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या या विडीनं आई गेली. तुम्हीच मारलंत तिला."  आत्यानं माझा हात ओढला, मी झटकला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलंत, बराच वेळ. मला वाटलं, आईची आठवण झाली असेल. मग विडी जमिनीवर दाबून विझवलीत. ती शेवटची. त्यानंतर तुम्ही कधी विडी ओढली नाही, आणि त्या वाक्याबद्दल मला कधी एक अक्षर बोलला नाहीत. पुढच्या सप्टेंबरात काड्या आल्या तेव्हा डोळे चिरायला मी बसले. माझे काप जाड यायचे. तुम्ही ते न कुरकुरता बघायचात, दार उघडं ठेवून.

मी त्या आजाराच्याच मागं लागले, हे काही योगायोगानं नाही. आधी नाशिकला कॉलेज, मग पुण्याला, मग तिथल्याच प्रयोगशाळेत फुप्फुसाच्या गाठींवर काम. आम्हाला शिकवलं होतं की कर्करोग म्हणजे पेशीतल्या डीएनएची अक्षरं बिघडणं. धुरानं अक्षर मोडतं, पेशीला थांब म्हणणारं जनुक मोडतं, पेशी सुटते. मी ते मान्य करून बसले होते. मग आमच्याकडं नवीन काम सुरू झालं आणि मला पहिल्यांदा कळलं की पुष्कळ गाठींमध्ये ते थांबवणारं जनुक मोडलेलं नसतंच. अक्षर न् अक्षर जागेवर असतं. फक्त त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवर एक बारीकशी खूण बसलेली असते. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस. मिथाइल म्हणतात त्याला. अशा खुणा दाटीनं बसल्या की पेशी ते जनुक वाचायचंच सोडून देते. ज्या दिवशी मी हे स्वतः पाहिलं त्या दिवशी प्रयोगशाळेच्या जिन्यात जाऊन बसले होते. डोळ्याच्या पेशीत, यकृताच्या पेशीत, कातडीच्या पेशीत, सगळीकडं तेच एक पुस्तक, आणि कोणी कुठलं पान वाचायचं ते या खुणांवर. आपण सगळे आतून असे खुणांनी भरलेलो आहोत, अण्णा, आणि श्वास घेताना आपल्याला त्याचा पत्ता नाही. मला रडू येत होतं की हसू, सांगता येणार नाही.

त्या वर्षी सप्टेंबरात घरी आले आणि तुम्हाला सांगायला लागले. कागदावर रेघा काढल्या, टिंबं दिली. तुम्ही स्टुलावर, मी आईच्या चटईवर. तुम्ही चष्मा वर सारलात आणि म्हणालात, म्हणजे डोळा मेलेला नाय, मिटलाय. मी म्हटलं, हो अण्णा, अगदी तेच. तुम्ही विचारलंत, मिटला तो उघडतो का? मी म्हटलं, काही औषधांनी थोडाफार उघडतो, अजून शोधतायत. तुम्ही एकेका टिंबावरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, केवढी व्यवस्था करून ठेवलीय आत. तुमचा आवाज देवळात असतो तसा खाली आला होता.  किती वर्षांनी आपण एका खोलीत असे बसलो होतो.

आणि मग तुम्ही विचारलंत, तिचा तुकडा अजून असेल का? मला वाटलं नव्हतं तुम्ही विचाराल. आमच्या कामात कधीच न ओढलेल्यांच्या जुन्या गाठी हव्या होत्या, हे मीच बोलता बोलता सांगून बसले होते. मी म्हटलं, असेलही. तुम्ही म्हणालात, "असला तर तपास. धुराचं काय ते दिसू दे. काय असेल ते मला सांग."

तुकडा होता. गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यात मागच्या खोलीत लाकडी खणांमध्ये, तपासलेले तुकडे जपलेल्या मेणाच्या वड्या रचून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीनं आकडा. तिथल्या बाईंनी पाऊण तास शोधून आईची वडी माझ्या हातावर ठेवली. साबणाच्या उरलेल्या चिपेएवढी. मेणात नखाएवढा तपकिरी ठिपका. आईला जाऊन दहाच्या वर वर्षं झाली होती आणि तिचा एवढासा भाग नाशिकमध्ये खणात बसून होता, आणि मी कितीदा त्या रस्त्यावरून गेले असेन. संमतीच्या कागदावर नवरा म्हणून तुम्ही सही केलीत. सही करताना तुमचे ओठ हलत होते.

तपासायची पद्धत ऐकाल तर तुम्हाला आवडेल. डीएनए एका रसायनात ठेवायचा. खूण नसलेलं अक्षर त्यात बदलून जातं, खूण असलेलं आहे तसं राहतं. मग बघायचं, कोण बदललं, कोण टिकलं. एवढी साधी युक्ती. मी वडीचे पातळ काप काढले, आईनं बघितले असते तर तिनं नाक मुरडलं नसतं इतके पातळ. सोळा तास रसायनात ठेवलं, पुढचं सगळं केलं, आणि दुपारी, डीएनए पट्ट्यांच्या रांगांत दिसतो त्या जेलच्या पेटीवरचा जांभळा दिवा लावला. माझ्या आईची रांग सातवी होती. तिच्या जनुकावर खूण होती. स्पष्ट, उजळ पट्टी. मी दहा मोजले. दहाला पण होती. मग दुसऱ्यांदा पहिल्यापासून सगळं केलं, तरी होती. ते थांबवणारं जनुक मी अक्षर लावून वाचलं, त्यात एक चूक नव्हती. आई जशी जन्माला आली तसं अखंड, धुतल्यासारखं. फक्त मिटलेलं. अण्णा, कसं सांगू, मी तिच्या शेजारी बसल्यासारखी बसले होते. एवढ्या वर्षांचा राग कुठं गेला ते कळलं नाही, नुसतं नवल वाटत होतं.

अशी खूण ओढणाऱ्यांच्या गाठीत जास्त सापडते. न ओढणाऱ्यांतही सापडते. तिच्यावर नाव लिहिलेलं नसतं. एका माणसाच्या एका गाठीवरून, हे अमक्यामुळं, असं कोणीही शहाणा माणूस सांगू शकत नाही. हे सगळं तुम्हाला नीट समजावून सांगायचं मी एसटीत बसून ठरवत आले. दारात चप्पल काढली. तुम्ही स्टुलावर होतात, पुढं कोणाच्या तरी काड्या. तुम्ही विचारलंत, तिचं झालं का गं बघून, आणि तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, काही नाही निघालं अण्णा, तुकडा फार जुना झाला होता.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. हळूच म्हणालात, "लगेच बोललीस." मी पिशवी खुंटीला लावली. तुम्ही म्हणालात, बरं, हातपाय धू, भाकरी गरम आहे. आणि परत नळीला डोळा लावलात. ते शेवटचे दोन सप्टेंबर तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही. तुम्ही गेलात तेही शांतपणे गेलात, सगळे म्हणतात. मी जवळ होते, तरी मला ते माहीत नाही.

खोटं का बोलले? तुम्हाला वाचवायला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खूण आहे म्हटलं असतं तर तुम्ही ती तुमच्या विडीची धरली असतीत. ते खरं आहे, पण सगळं खरं ते नाही. खूण आहे म्हटल्यावर तुम्ही पुढचं विचारलं असतंत. धुराची म्हणजे कोणत्या धुराची? तुम्ही विचारलंच असतंत, तुम्ही तसेच होतात. आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

हे पत्र पेटीत ठेवणार आहे, भिंगांच्या खाली, फडक्यात. त्याआधी मी आत्ता मायक्रोस्कोपला डोळा लावला होता. काचेवर काही नव्हतं, नुसता उजेड. तरी दहा मोजले. अण्णा, गॅस आल्यावर पहिल्या दिवशी आईनं गॅसवर भाकरी केली होती. मी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आईनं परत चूल पेटवली, आणि माझ्यासाठी ती दहा वर्षं पेटती ठेवली. तुम्ही समोर बसून जेवत होतात, तुम्हाला गॅसवरची चालत होती. दहाव्याच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराकडं पाहिलंत ते हेच आठवून पाहिलंत, आणि एवढ्या लोकांसमोर मला ते म्हणाला नाहीत. त्या दिवशीही मी लगेच बोलले होते.